सिनेमा कसा वाटला, त्याआधी काय पाहिले ते सांगा

२०२५ मध्ये आलेले ‘स्थळ’, ‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’ हे तीन मराठी चित्रपट मी चित्रपटगृहात जाऊन पाहिले आणि त्यांच्याविषयी मित्रमंडळींनी जे जे लिहिले तेही आवर्जून वाचले. कोल्हापुरात सिनेमावर बोलणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. रंकाळ्यावर फिरायला आलेली माणसे असोत की गंगावेशीत दुधाचा पेला हातात घेऊन उभी असलेली तरुण मुले, नव्या चित्रपटाचा विषय निघाला की प्रत्येकाकडे मत तयार असते, आणि ते ठासून मांडायला कोणी लाजत नाही. या शहराचा हा गुण मला मनापासून आवडतो. मात्र अलीकडे वाचलेल्या बहुतेक मतांमध्ये ‘नाद खुळा’, ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘पैसे वाया गेले’, साडेतीन तारे आणि पहिल्या आठवड्याचा गल्ला यांपलीकडे फारसे काही नव्हते. लिहिणाऱ्याने दोन तास त्या अंधारात बसून नेमके काय पाहिले, हे त्यातून मला कळले नाही. चित्रपट आवडला की नाही हे सांगण्याआधी, निदान त्याच्या सोबतीने, पडद्यावर काय दिसले आणि काय ऐकू आले ते सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘साबर बोंडं’पासून सुरुवात करतो, कारण सर्वांत उथळ मते मी याच चित्रपटाविषयी वाचली. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळाले आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. मी गेलो त्या खेळाला प्रेक्षक मोजकेच होते. मध्यंतरात माझ्या मागच्या रांगेतले एक गृहस्थ पत्नीला म्हणाले, “काहीच घडेना झालंय गं ह्यात.” त्यांचा कंटाळा प्रामाणिक होता आणि कंटाळा येण्याचा हक्क प्रत्येक प्रेक्षकाला आहे. पुढे ‘काहीच घडत नाही’ हेच वाक्य थोड्याफार फरकाने अनेकांच्या लिखाणात दिसले, आणि ते वाचताना मला राहून राहून वाटत होते की, या चित्रपटात किती तरी घडते, फक्त ते मोठ्या आवाजात घडत नाही.

मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर आईबरोबर गावी येतो आणि त्याला दहा दिवस तिथे राहावे लागते. त्या दिवसांचे नियम आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पाळले गेले आहेत. अनवाणी राहायचे, दुधाचा चहा घ्यायचा नाही, हे नको, ते नको, आणि प्रत्येक नियमाची आठवण करून द्यायला घरात कोणी ना कोणी वडीलधारे हजर असतेच. भेटायला येणारे नातेवाईक सांत्वनाची चार वाक्ये बोलून झाली की थेट त्याच्या लग्नाचा विषय काढतात. ज्या मुलाचा जीव पुरुषावर जडतो आणि ज्याच्या आईला ते ठाऊक आहे, त्या मुलाने आणि त्या आईने या प्रश्नाला भरल्या घरात काय उत्तर द्यायचे? कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबून हे पाहत राहतो. पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे ‘आता याचं लग्न उरकून टाका’ असे कोणी म्हणते, तेव्हा आपण हळहळायचे की चिडायचे, हे सांगायला वाद्ये मदतीला येत नाहीत. ते आपले आपण ठरवायचे असते. बालपणीचा सवंगडी बाळ्या पुन्हा भेटतो आणि त्या दोघांमधली जवळीक आधी नजरेत आणि मग शेजारी बसण्याच्या पद्धतीत वाढत जाते. सुतकात माणसाला स्पर्श वर्ज्य होतो, आणि नेमक्या त्याच काळात या मुलाला आयुष्यातला सर्वांत हवाहवासा स्पर्श मिळतो. ही रचना मला फार मोलाची वाटते, आणि ती कथेच्या सारांशात कधीच सापडणार नाही.

चित्रपट संथ आहे, हे मला मान्य आहे. संथपणाचा कंटाळा आला असेल तर कोणत्या दृश्यात आला, ते दृश्य थांबून राहिले म्हणून काय हाती लागले नाही, हे जर कोणी लिहिले तर त्याच्याशी बोलता येईल, वाद घालता येईल. नुसत्या ‘बोअर’ या शेऱ्याशी कोणी काय बोलणार?

‘स्थळ’च्या बाबतीत मला सर्वांत चांगले मत कागलच्या माझ्या आत्याकडून ऐकायला मिळाले. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो. तिथल्याच माणसांकडून अभिनय करून घेतला आहे. शिकत असलेली सविता, कापसाला भाव मिळत नाही म्हणून टेकीला आलेले तिचे वडील, आणि पुन्हा पुन्हा होणारे दाखवण्याचे कार्यक्रम, एवढीच गोष्ट. पाहुणे येतात, मुलीला समोर बसवले जाते, नाव, शिक्षण, उंची, आवड असे तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात आणि काही दिवसांनी नकार कळवला जातो. एका परिचिताने लिहिले होते की, एकच प्रसंग चार वेळा दाखवून दिग्दर्शकाने वेळ काढला आहे. आत्याने मात्र चित्रपट संपल्यावर बराच वेळ पदराशी चाळा केला आणि म्हणाली, “आमास्नी बी असंच इचारल्यालं. मला तर उठून चार पावलं चालून दाखवाय लावल्यालं. पाय अधू हाय काय बघाय.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “दर बारीला तेच इचारत्यात बघ, म्हंजे पोरगी कोण हाय ते कुणालाच ऐकायचं न्हाई.”

पुनरावृत्ती हाच या चित्रपटाचा आशय आहे, हे एखाद्या समीक्षकाने दोन परिच्छेदांत मांडले असते. आत्याने ते एका वाक्यात सांगितले, कारण ती जे पाहिले त्यापाशी थांबली. तिने तारे दिले नाहीत. चित्रपट चांगला आहे असेही ती म्हणाली नाही. पण तिचे बोलणे ऐकून घरातल्या दोन सुना दुसऱ्या दिवशी तो पाहायला गेल्या.

काही मित्र म्हणतील की, आम्ही तिकीट काढून करमणुकीसाठी जातो, आम्हाला समीक्षक व्हायचे नाही. मान्य आहे, आणि कोणी व्हावे असे माझे म्हणणेही नाही. चांगले मत मांडायला चित्रपटशास्त्राचे शिक्षण लागत नाही, लक्ष लागते. एखादे दृश्य सांगितले तर कथा फुटते, अशीही तक्रार असते. शेवट न सांगता, रहस्य न उलगडता एखाद्या दृश्यातला उजेड, एखाद्या नटाचे गप्प राहणे किंवा घरातल्या भांड्यांचा आवाज यांविषयी लिहिता येते, आणि त्याने कोणाचा आनंद हिरावला जात नाही.

याला एक व्यावहारिक बाजूही आहे. छोट्या मराठी चित्रपटाचे खेळ शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांतल्या गर्दीवर टिकतात किंवा उतरतात. सोमवारी सकाळी अकराचा एकच खेळ उरतो आणि गुरुवारपर्यंत तोही जातो. जाहिरातीला पैसा नसलेल्या निर्मात्याला त्या तीन दिवसांत प्रेक्षकाच्या शब्दाशिवाय दुसरा आधार नसतो. अशा वेळी ‘ठीक आहे’ एवढेच लिहून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

कोल्हापूरकरांकडून माझी अपेक्षा थोडी जास्त आहे, आणि तिला कारण आहे. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाजवळून आपण रोज जातो. ज्या बाबूराव पेंटर यांनी या गावात कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ दाखवला, ते मुळात चित्रकार होते. दृश्य आधी डोळ्यांनी पाहण्याची सवय त्यांनी चित्रपटात आणली. याच कंपनीत तयार झालेल्या माणसांनी १९२९ मध्ये इथे प्रभात फिल्म कंपनी काढली आणि ती पुण्याला जाण्यापूर्वी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ इथेच तयार झाला. हा इतिहास आपण समारंभात आदराने सांगतो. त्यातला एक तपशील मला या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा वाटतो.

बाबूरावांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ आज आपल्याला पाहायला मिळत नाही. सावकाराच्या कर्जात जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट होती आणि तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. पुढे १९३६ मध्ये बाबूरावांनी त्याचाच बोलपट केला. चित्रपट निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी या चित्रपटांविषयी नंतर लिहिले, तेव्हा मूकपट त्यांना अंधूकच आठवत होता. पण बोलपटातले एक दृश्य त्यांच्या मनातून गेले नव्हते. मंद प्रकाशात लांबून दिसणारी एक भकास झोपडी, आणि त्या शांततेत फक्त कुत्र्याचे रडणे. चित्रपटाच्या जुन्या इतिहासात ‘सावकारी पाश’विषयी वाचताना ही आठवण हमखास भेटते. तो किती दिवस चालला आणि त्याने किती मिळवले, हे आज कोणाच्या बोलण्यात नसते. एका प्रेक्षकाने काय पाहिले आणि काय ऐकले ते नेमकेपणाने सांगून ठेवले, म्हणून आपल्याला त्या झोपडीपर्यंत पोहोचता येते.

‘दशावतार’ मी भाच्याबरोबर पाहिला आणि आमचे मतभेद अजून मिटलेले नाहीत. सुबोध खानोलकर यांच्या या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी बाबुली मेस्त्री हा कोकणातल्या दशावतार या लोकनाट्याचा म्हातारा कलावंत उभा केला आहे. त्याची नजर अधू होत चालली आहे, मुलगा त्याला काम थांबवायला सांगतो, आणि तरी रंग लावायला बसला की त्याच्या हालचालीत जो नेमकेपणा येतो तो पाहण्यासाठी मी पुन्हा तिकीट काढीन. दिसत नसताना हाताला चेहरा ठाऊक असणे, हे प्रभावळकरांनी कोणत्याही मोठ्या संवादाशिवाय दाखवले आहे. उत्तरार्धात मात्र खाणकाम, सत्ता आणि सूड यांचा आवाज एवढा वाढतो की पात्रांना आपले म्हणणे भाषणासारखे मांडावे लागते. जे चित्रातून पोहोचले होते तेच पुन्हा शब्दांत सांगितले जाते, आणि तिथे माझे मन चित्रपटातून थोडे बाहेर आले.

भाच्याला हे साफ नामंजूर आहे. चित्रपटगृहात शिट्ट्या कुठे पडल्या याची आठवण देऊन तो थांबला असता तर मी विषय सोडून दिला असता, पण त्याने मुद्दा काढला. दशावतारी खेळाच्या पूर्वरंगात वेद पळवणारा संकासुर येतो आणि विष्णू त्याचा वध करतो. रात्रभर चालणाऱ्या त्या खेळात दुष्टाचे निर्दालन मोठ्या आवाजातच होते, लोक त्यासाठीच बसतात, मग बाबुलीची सोंगे रंगमंच सोडून रानात आली तर त्यांनी हळू का बोलावे, असे तो म्हणतो. हे म्हणणे मला बरेच पटले आहे. तरीही सोंगाने गरजणे वेगळे आणि साध्या कपड्यांतल्या पात्राने मुद्दा समजावून सांगणे वेगळे, या मतावर मी ठाम आहे.

मी घाटावरचा माणूस. दशावतारी नाटके मी मोजकीच पाहिली आहेत. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याकडच्या ज्या मित्रांनी जत्रेत रात्र रात्र जागून ती पाहिली आहेत, त्यांनी या उत्तरार्धातले एखादे दृश्य घेऊन ते त्यांना कसे वाटले हे सविस्तर लिहावे. भाच्याची बाजू बरोबर ठरली तरी मला आनंदच होईल.