बर्फ कमी घ्या, काका

"बर्फ कमी घ्या काका, नाहीतर पाणीच प्याल."

हे वाक्य शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी, कुणी विचारलेलं नसताना, मला उद्देशून म्हटलं. वयाने ते माझ्याहून दोन-चार पावसाळे पुढेच असतील. वाक्य साफ चुकीचं आहे, ही एक गोष्ट. 'काका' ही दुसरी. आणि माझ्यासोबत आलेल्या समस्त मित्रमंडळींनी त्यावर माना डोलावल्या, ही तिसरी. पहिल्या दोन मी एकवेळ विसरेन.

प्रसंग नेहमीचाच. उन्हाळ्यातली संध्याकाळ, शहरात कुठेतरी गच्चीवर बसून गार काहीतरी प्यायचं असा ग्रुपवर ठराव, त्यावर अंगठ्यांचा पाऊस, आणि ज्याने सर्वांत देखणा फोटो टाकला त्याचा बार मुक्रर. पोचलो, बसलो, ड्रिंक आलं. वेटरने चिमट्याने दोन खडे सोडले. मी म्हटलं, "दादा, भरून टाका." तेवढ्यात शेजारून वरचं वाक्य आलं.

गृहस्थांची दाढी कष्टाची होती. ग्लासात बर्फाचा मागमूस नव्हता आणि ते त्यांना अभिमानास्पद वाटत असावं, कारण ग्लास त्यांनी मला दिसेल असा जरा तिरका धरला होता.

"बर्फ वितळला की पाणी," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. इथवर वादाला जागा नव्हती.

"म्हणजे जास्त बर्फ, जास्त पाणी. साधं गणित आहे."

गणित खरोखरच साधं आहे, म्हणून मी ते टिश्यूवर करून दाखवायला घेतलं. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. ग्लासात २०० मिली पेय आहे आणि ते ३० अंशांवर आहे (फ्रिजचं तोंड न पाहिलेला सोडा ओतला की तेवढं असतंच). ते ५ अंशांवर आणायचं तर त्यातून ५००० कॅलरी काढाव्या लागतात. त्यासाठी साठेक ग्रॅम बर्फ वितळणार, काही केलं तरी वितळणार. आता तीस-तीस ग्रॅमचे दोनच खडे टाकले, तर दोन्ही संपले, पाणी व्हायचं तेवढं झालंच, आणि पेय थंड ठेवायला शिल्लक काही नाही. पाच मिनिटांत ते पुन्हा तापायला लागतं, मग आपण आणखी दोन खडे मागतो, तेही त्याच कामी खर्ची पडतात. ग्लास भरून बर्फ असेल तर पेय शून्याच्या आसपास टेकतं आणि तिथेच राहतं. पुढे बाहेरून जेवढी उष्णता आत शिरेल तेवढाच बर्फ विरघळतो.

"काका, कॅलरीज मोजताय?" गृहस्थ कळवळून म्हणाले. "मग आधी बिअर सोडा. बर्फात कॅलरीज नसतात."

माझ्या टेबलावर हशा पिकला. मी सांगायचा प्रयत्न केला की ही कॅलरी वेगळी, डाएटवाली तिच्या हजारपट मोठी. त्यावर गृहस्थ म्हणाले, "हजारपट? मग तर बर्फ बंदच करा." आमच्यातल्या एकीने त्यांच्या ग्लासाला ग्लास भिडवला. सोडा आणि टॉनिक आधीच ५ अंशांवर असेल तर बर्फाला गार करण्याचं कामच उरत नाही आणि पाणी नाममात्र होतं. म्हणजे गुन्हेगार कोमट बाटली आहे, बर्फ नव्हे. हे मी बोलत होतो तेव्हा ते दोघं एकमेकांना दाढीच्या तेलाबद्दल विचारत होते.

मग मॅनेजर आला. त्याच्या हातातल्या छोट्या लाकडी पेटीत एकच खडा होता, पाच सेंटिमीटरचा, भिंगासारखा स्वच्छ, वरच्या बाजूला बारचं चिन्ह उमटवलेलं. "सर, आमचा सिग्नेचर क्लिअर आइस. ह्याला चोवीस तास लागतात."

लागतात, हे खरं आहे. पारदर्शक बर्फाची युक्ती कॅम्पर इंग्लिश नावाच्या पेयलेखकाने २००९ साली घरच्या फ्रीजरमध्ये शोधून लोकांना सांगितली. सहलीला नेतो तसला थर्मोकोलचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा पाण्याने भरायचा, झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवायचा. बाजूंनी आणि खालून थंडी शिरत नाही, त्यामुळे पाणी फक्त वरून खाली गोठत जातं आणि विरघळलेली हवा व क्षार खाली ढकलले जातात. पूर्ण गोठण्याआधी काढलं, किंवा तळाचा धुरकट भाग करवतीने कापून टाकला, की वरचा भाग काचेसारखा. पाणी आधी उकळून घेण्याने फारसा फरक पडत नाही, तरी लोक उकळतात. दिसायला हे सगळं फारच सुरेख. पण पाच सेंटिमीटरच्या एका खड्याला पृष्ठभाग १५० चौरस सेंटिमीटर. तेवढाच बर्फ अडीच सेंटिमीटरच्या आठ खड्यांत घेतला तर दुप्पट, ३००. म्हणून मोठा खडा सावकाश वितळतो आणि तितक्याच सावकाश गार करतो. आधीच ढवळून गार केलेली, छोट्या ग्लासातून चाखत प्यायची कडक दारू असेल तर तो लाखमोलाचा. उंच ग्लासातल्या कोमट जिन-टॉनिकमध्ये तो शोभेची वस्तू.

मॅनेजरने तो माझ्या ग्लासात सोडला. फ्रीजरमधून थेट आलेला असल्यामुळे तो ताडकन तडकला आणि बारच्या चिन्हाचे दोन तुकडे झाले. असा बर्फ चार-पाच मिनिटं बाहेर ठेवावा, वरची पांढरी धूळ जाऊन ओला चमकू लागला की मग वापरावा, हे बारमध्ये काम करणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

"ऐकलात आवाज?" गृहस्थ म्हणाले. "प्युअर बर्फाचा आवाज असतो हा."

माझ्या मित्रांनी आवाज पुन्हा करायला सांगितला, व्हिडिओसाठी. बिलावर तो खडा वेगळ्या ओळीत लागला, नावापुढे 'एक्सपिरियन्स' जोडून, आणि बिल सगळ्यांत समान वाटून घ्यायचं असं ठरलेलं असल्याने कुणाला त्याचं काही वाटलं नाही. असो.

गृहस्थांच्या म्हणण्यात एक कण खरा होता, तो मात्र त्यांनी काढला नाही. बर्फाने पाणी होतं ते कधीकधी बर्फाच्या बादलीमुळेही. तळाला जाळी नसेल तर खडे स्वतःच्याच पाण्यात बसून राहतात आणि ग्लासात जाताना प्रत्येकजण अंगावरचं पाणी घेऊन जातो. बादलीत खाली तळं साचलं असेल तर ती परत पाठवावी. आणि बारमागचा माणूस बर्फ कशाने घेतो तेही बघावं. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या स्कूपने घेत असेल तर निश्चिंत बसा. काचेचा ग्लासच बर्फात खुपसून भरत असेल तर उठा. काचेचा टवका उडाला तर बर्फात दिसत नाही. तसं झालं की पेटीतला अख्खा बर्फ वितळवून ती धुवावी लागते, आणि शनिवारच्या गर्दीत ती कोण धुणार.

बर्फानंतर मेनू. उन्हाळा आला की सगळ्यांना मोहितो आठवतो. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेची कृती अशी: ४५ मिली पांढरी रम, २० मिली ताज्या लिंबाचा रस, दोन चमचे साखर, पुदिन्याच्या सहा काड्या, वर सोडा. बिघडतो तो दोन जागी. पुदिन्याचा सुवास पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक तेलग्रंथींत असतो, त्याला हलका दाब पुरतो. इथे मात्र मुसळ घेऊन असे तुटून पडतात की कडवटपणा उतरतो आणि चोथा स्ट्रॉमध्ये अडकतो. शिवाय गार पाण्यात साखर नीट विरघळत नाही, ती तळाला बसते, म्हणून पहिला घोट आंबट आणि शेवटचा पाक. साखरेऐवजी पाकच घाला असं सांगितलं तर काम भागतं. पण सात जणांनी सात मोहितो मागवू नयेत. प्रत्येक ग्लास वेगळा करावा लागतो, आणि सातवा येईपर्यंत पहिला ग्लास संपवलेली मंडळी दुसऱ्या ग्लासाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असतात.

त्यापेक्षा स्प्रिट्झ बरा. प्रोसेको (इटलीची फसफसती वाइन) तीन भाग, अ‍ॅपेरॉल (कडसर-गोड नारिंगी मद्य) दोन भाग, सोडा एक भाग, भरपूर बर्फ, संत्र्याची चकती. मिनिटभराचं काम. अ‍ॅपेरॉल १९१९ साली इटलीतल्या पादुआत आलं, त्यात अल्कोहोल ११ टक्के. लांबलेल्या संध्याकाळी हे हलकेपण कामाला येतं. फक्त प्रोसेकोची बाटली नुकती उघडलेली हवी. कालची असेल तर बुडबुडे ग्लासाच्या कडेला दोन-तीनच दिसतात, तेही खिन्न.

बिअर बाटलीतून घेणार असाल तर हिरवी किंवा पांढरी बाटली उन्हात ठेवू नका. उजेडाने हॉप्समधले (बिअरमध्ये घालतात त्या फुलांमधले) कडू घटक फुटतात आणि त्यातून एक गंधकयुक्त रसायन तयार होतं, अमेरिकेतल्या स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्याशी नातं सांगणारं. कडक उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बरीचशी वाचवते, कॅन पूर्ण. नळाची बिअर असेल तर नळ्या दर दोन आठवड्यांनी धुतलेल्या हव्यात. आंबूस किंवा लोण्यासारखा वास आला तर बहुधा धुतलेल्या नाहीत. आणि फ्रीजरमधला पांढराफटक मग पाहून खूश होऊ नये, त्याच्या आतल्या हिमाने फेस उसळतो आणि अर्धा मग फेसाचाच भरतो. वेटरला हे सांगितलं की तो म्हणतो, "सर, लोकांना आवडतं." खरंय. लोकांना आवडतं. माझ्या टेबलावर असले सहा लोक होते.

गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घेतलेला माणूस कसा असतो, ते पाहायचं तर अमेरिकेत डॅलसला जावं. तिथल्या मारियानो मार्टिनेझच्या रेस्तराँत लोक कुरकुरत होते की ब्लेंडरमधली मार्गारिटा (टकिला आणि लिंबाचं कॉकटेल) दर वेळी वेगळीच लागते. त्याने सॉफ्ट आइसक्रीमचं मशीन आणून त्यात फेरफार केले आणि ११ मे १९७१ रोजी गोठवलेल्या मार्गारिटाचं पहिलं मशीन चालू झालं. गोम साखरेत होती. अल्कोहोल गोठू देत नाही. साखरेचं प्रमाण नेमकं जमलं तरच मऊसूत रवाळ लगदा होतो, नाहीतर एकतर सरबत नाहीतर दगड. ते मशीन आज स्मिथसोनियनच्या अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात आहे. माझ्या तक्रारीवर मॅनेजरने मला फीडबॅकचा क्यूआर कोड दिला. तो स्कॅन केल्यावर मेनू उघडतो.

टॉनिकवाल्यांसाठी एक गंमत. टॉनिकमधलं क्विनाइन अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात निळं चमकतं. डान्स फ्लोअरवर जांभळट दिवे असतील तर ग्लास घेऊन तिथवर जाऊन यावं. चमकला नाही, तर आपल्याला साधा सोडा पाजला गेला आहे.

राहता राहिली गच्ची. बारच्या फोटोत गच्ची नेहमी सूर्यास्तानंतरची असते, आणि स्वस्ताईची वेळ असते चार ते सात, म्हणजे ऊन थेट डोळ्यांत. पश्चिमेला आडोसा नसलेली गच्ची सातच्या आधी बसण्यालायक नसते. सातनंतरही काँक्रीट दिवसभर प्यायलेली उष्णता खालून सोडतच राहतं, म्हणून पायाखाली लाकूड किंवा गवत असेल तर दोन गुण जास्त द्यावेत. पाण्याचे तुषार उडवणारे पंखे कोरड्या हवेतच गारवा देतात. दमट हवेत ते तुषार वाळत नाहीत, चष्म्यावर बसतात. आणि दारूने तहान भागत नाही: शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक ती दाबून टाकते, त्यामुळे एरवीपेक्षा जास्त पाणी बाहेर जातं. दर ग्लासामागे एक ग्लास साधं पाणी हवं. ते मागितल्यावर "बाटली आणू?" असं विचारणारे बार वेगळ्या यादीत टाकावेत.

म्हणून आता फोटोला अंगठा देण्याआधी मी फोन करतो. बर्फाचं मशीन आहे की बाहेरून मागवता? सोडा फ्रिजात असतो का? पश्चिमेला काय आहे? आणि खालच्या मजल्यांच्या एसींची आउटडोअर युनिट्स कुठे बसवली आहेत? कारण ती दुसरीकडे कुठे असणार, गच्चीवरच असतात, आणि त्यांच्यासमोरचं टेबल कुणाला तरी द्यावंच लागतं.

परवा एका ठिकाणी फोनवरच्या मुलीने पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं चोख दिली. चौथ्याला थोडी थांबली.

"युनिट्स ना? ती रेलिंगच्या बाजूला आहेत सर."

"आणि व्ह्यू टेबल?"

"तेही तिथेच. किती जणांचं लिहू?"