कलम ३९ कोणाला आठवते?

पुण्याच्या येरवड्यात मध्यवर्ती कारागृह आहे आणि १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही आहे. गर्दच्या, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइनच्या, पुडीसह पकडलेल्या विशीतल्या मुलाला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवण्याची मुभा कायद्याने न्यायालयाला दिलेली आहे, हे त्याच्या आईवडिलांना बहुधा ठाऊक नसते. त्याच्या वकिलालाही ते वेळेवर आठवतेच असे नाही.

अमली पदार्थविरोधी १९८५ चा कायदा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘एनडीपीएस’, कठोर म्हणून ओळखला जातो आणि तो तसा आहेच. परंतु त्यातल्याच कलम ३९ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा गुन्हा सिद्ध झालेल्या व्यसनी माणसाला (हेरॉइनसाठी ही मर्यादा ५ ग्रॅम, गांजासाठी १ किलो), त्याची संमती असल्यास, लगेच कैदेत न धाडता बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, उपचारासाठी सोडता येते. उपचारांचा अहवाल जास्तीत जास्त एका वर्षात न्यायालयापुढे यावा लागतो आणि तो पाहून समज देऊन, पुन्हा तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर, त्याला मोकळे करता येते. कलम ६४अ याहून उदार आहे: स्वतःहून उपचार घेणाऱ्यावर अशा गुन्ह्यांसाठी खटलाच चालत नाही, मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते.

माझी हरकत आहे ती नेमकी या अटीला. व्यसनाच्या आजारात घसरण होतेच, आणि केंद्रातून एकदा पळून गेलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला टिकतो, हे या क्षेत्रात काम करणारा कोणीही सांगेल. म्हणून मला कलम ३९ मधली वर्षभराची मुदत अधिक शहाणपणाची वाटते.

प्रत्यक्षात मात्र घडते ते वेगळेच. कोठडीत टर्की, म्हणजे नशा अचानक तुटल्यावर होणारा शारीरिक त्रास, सोसलेल्या मुलाला ‘गुन्हा कबूल’ म्हणून, दंड भरून, लवकरात लवकर बाहेर पडायचे असते. वर्षभराचे बंधन त्याला शिक्षेहून जड वाटते आणि ते तसे असतेही. पण गर्द घेणारा काही महिने तुरुंगात राहिला, तर शरीराची सवय मोडते आणि सुटल्यावर पूर्वीच्याच मात्रेने जीव जाऊ शकतो, याचा विचार त्या घाईत कोण करणार?

तुरुंगाची भीती दाखवून घेतलेली संमती खरी कशी, असा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. तरीही केंद्रात येणाऱ्या अनेकांना घरच्यांनीच ओढून आणलेले असते. न्यायालयाने हजेरी पाहावी. औषध कोणते आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवावे.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे, त्यांनी जुन्या उपचारांचे केसपेपर शोधून पहिल्याच तारखेला वकिलाच्या हाती द्यावेत. कलम ३९ व्यसनी माणसासाठीच आहे, आणि मुलगा व्यसनी आहे हे न्यायालयाला कागदावरच दाखवावे लागते.