धुरातला हिस्सेदार

सिगारचा शेवटचा तिसरा भाग मला ओढायला मिळाला नाही, याचा राग अजून उतरलेला नाही. आणि ज्यांच्यामुळे तो गेला ते गृहस्थ सिगार ओढत नाहीत. सिगारेटही नाही. सोडून वर्षं झाली म्हणे.

घरात धुराला बंदी, म्हणून गच्ची. वारा बेताचा, हातात एक रोबुस्तो. म्हणजे साधारण पाच इंच लांब आणि ५० जाडीची. ही जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. का, ते मला विचारू नका. निकाराग्वातल्या एस्तेलीची, चवीला दणकट आणि खिशाला परवडणारी. ती परवडण्याचं कारण अगदी निरुपद्रवी होतं. आतली पानं अखंड, वळणाऱ्याचा हात सराईत, फक्त वरचं पान डागाळलेलं आणि रंगानं जरा कमीजास्त. असल्या सिगारी पेटीत मिरवत नाहीत. नावाचा पट्टा न लावता गठ्ठा बांधून विकतात. डाग जळून जातो हो. राखेत कुणाला दिसतोय?

टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, कापली, पायाला, म्हणजे दुसऱ्या टोकाला, आच दाखवली, पहिला झुरका घेतला. मिरी. पाठोपाठ ओली माती, जुनं चामडं, आणि जिभेच्या मुळाशी कडवट कोको. मी डोळे मिटले.

"लिगेरो जास्त आहे हो," कानाशी आवाज आला.

डोळे उघडले तर वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. एरवी जिन्यात मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नाही. त्यांनी एक बोट ओलं करून हवेत धरलं, वाऱ्याची दिशा काढली, आणि गच्चीवरची खुर्ची ओढत आणून बरोबर माझ्या धुराच्या वाटेवर मांडली.

"तुम्ही घेणार का?" मी सभ्यपणा म्हणून विचारलं.

"छे छे! डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय." खुर्ची आणखी हातभर पुढे सरकली. "ओढायची. हुंगायचं ते काही बोलले नाहीत."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं तर नाही म्हणतील ना!"

आता मी काही सिगारला तुळशीचा काढा समजत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो, आणि तो धूर ओढणाऱ्याला जसा बाधतो तसा शेजारी बसणाऱ्यालाही बाधतो. हे मी त्यांना सांगितलं. गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. त्यांनी तेवढ्याच गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग जरा बेतानं सोडा. एकदम तोंडावर नको. असा डावीकडून येऊ द्या."

मी खुर्ची फिरवली. त्यांनीही फिरवली.

मग लिगेरोचा खुलासा सुरू झाला. तो त्यांनी स्वतः तंबाखूचं झाड होऊन केला. उठून उभे राहिले, हात पसरले. "हा मी. हे माझं डोकं. इथली पानं ती लिगेरो. सगळं ऊन यांच्यावर. म्हणून जाड, तेलकट, कडक. पण जळायला आळशी! म्हणून वळणारा ती बरोबर मधोमध ठेवतो." मग कमरेवर हात. "इथे सेको. वास यांचा." मग वाकून गुडघ्यांना हात लावला. "आणि हे व्होलादो. चवीला काही नाही, पण जळतात झकास." वाकल्यावर त्यांना लगेच उठता येईना. काही वेळ ते तसेच व्होलादोला धरून राहिले, आणि त्या अवस्थेतही नाक माझ्याच दिशेला होतं. सगळं खरं सांगत होते, हीच तर पंचाईत. खोटं असतं तर हाकलून दिलं असतं.

"हं, काय लागतंय?" बसल्यावर त्यांनी तोंडी परीक्षा सुरू केली.

"मिरी."

"ते लहान मूलही सांगेल. आणखी?"

"चामडं."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे?"

"बुटाचं की खोगिराचं?"

माझा आणि घोड्याचा आयुष्यात संबंध आलेला नाही. "बुटाचं असावं," मी म्हणालो.

"खोगीर आहे." निकाल लागला. "आणि मागे अक्रोड."

"अक्रोड काही लागत नाही बुवा मला."

"लागेल. नाकातून सोडा."

नाकातून सोडायचा म्हणजे धूर छातीत न घेता तोंडातूनच मागच्या बाजूनं नाकात ढकलायचा. मऊ सिगारला हे बरं जमतं. लिगेरोनं भरलेल्या सिगारला ते करणं म्हणजे नाकपुड्यांत मिरपूड फुंकून घेणं. मी केलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"हां! आत्ता पोचलं माझ्यापर्यंत," ते समाधानानं म्हणाले.

आणि अक्रोड लागला. तूर्तास माझा सगळा संताप त्या अक्रोडावर आहे. त्यांनी नुसती थाप मारली असती तर मी त्यांच्यावर खुशाल हसलो असतो. पण अक्रोड तिथे होता, बेशरमपणे, चामड्याच्या मागे दडून. शास्त्रही त्यांच्याच बाजूचं. जिभेला बिचारीला गोड, आंबट, खारट, कडू आणि तो एक उमामी एवढंच कळतं; बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतेक नाकाचा कारभार. धूम्रपानानं नाक बोथट होतं आणि सोडलं की हळूहळू पुन्हा धारेवर येतं. म्हणजे पैसे माझे, तंबाखू माझा, खोकला माझा, आणि आस्वाद घ्यायची योग्यता मात्र या फुकट्या नाकाची! शाळेत निबंध आपण लिहावा आणि वाचून दाखवायला मास्तरांनी शेजारच्याला उभं करावं, तशातला प्रकार.

वाचण्यावरून आठवलं. १८६५ मध्ये हवानातल्या एल फिगारो या कारखान्यात सिगार वळणाऱ्या कामगारांनी एक वाचक ठेवायची प्रथा सुरू केली. हे लोक मान खाली घालून दिवसभर पानं वळणार, आणि त्यांच्यासाठी एक जण मोठ्यानं वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचणार. वाचकाचा पगार कामगार आपल्या खिशातून द्यायचे. प्रथा इतकी फोफावली की सरकारला धास्ती पडली आणि पुढच्याच वर्षी बंदी आली. ती टिकली नाही. प्रथा आजही आहे. एरवी मी वाचकांच्या बाजूचा माणूस. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला त्या सरकारची बाजू समजून घ्यावीशी वाटली.

"पट्टा कुठाय?" ते एकदम म्हणाले.

"नाही. गठ्ठ्यातली आहे."

"गठ्ठ्यातली." हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी सिगार पाठीमागे लपवणार होतो. "तरीच."

"तरीच काय?"

"नाही, म्हटलं तरीच. क्यूबाची नसणारच."

इथे मात्र माझं डोकं सटकलं. अक्रोड सापडेपर्यंत हीच सिगार त्यांना चालत होती. खोगीर दिसत होतं. पट्टा नाही म्हटल्यावर त्याच धुराला एकाएकी दारिद्र्याचा वास यायला लागला? क्यूबाची नाही तर नाही. १९५९ ला तिथे क्रांती झाली, पुढच्या वर्षी सिगारचे कारखाने सरकारजमा झाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या धंद्यात मुरलेली माणसं आपलं कसब घेऊन निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन रिपब्लिक असं जिथे जागा मिळाली तिथे गेली. एस्तेलीच्या काळ्या जमिनीत पिकलेला तंबाखू कुणाचा गरीब नातेवाईक नाही. आणि दर्जाचीच गोष्ट काढायची तर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची काढा. १९६२ मध्ये क्यूबाच्या मालावर बंदी घालणाऱ्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी आपला प्रसिद्धीसचिव पिएर सॅलिंजर याला पेटिट अपमन सिगारी जमवायला पिटाळलं. १२०० हाती लागल्यावर सही झाली. ही हकीकत खुद्द सॅलिंजरनंच पुढे सांगितली. आधी साठा, मग धोरण! त्या साठ्याला ऐतिहासिक प्रसंग म्हणायचं, आणि मी एक गठ्ठा घेतला तर "तरीच".

महागडी सिगार ओढणाऱ्याला कुणी बुटाचं की खोगिराचं म्हणून विचारत नाही, हे मी पाहिलंय. तो "हं" म्हणाला तरी समोरचे माना डोलावतात. स्वस्त सिगारवाल्यानं मात्र प्रत्येक चवीचा दाखला द्यायचा. मोठ्ठा मासिकी थाटाचा अभिप्राय महागडीला, आणि आपल्या वाट्याला काय, तर "या किमतीत वाईट नाही". या किमतीत! जिभेला किंमत कोण सांगायला जातं?

यातलं काहीही मी त्यांना बोललो नाही. मी चिडून झुरके घ्यायला लागलो. त्यांना ते आवडलं.

"असे! मघापासून फार कंजुषी चालली होती तुमची. इकडे काही येतच नव्हतं."

सिगारचा झुरका मिनिटाला एक, फार तर दोन. त्याहून घाई केली की आग तापते, कोको करपतो, मिरीचा विखार होतो. शिवाय सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो छातीत घ्यावा लागत नाही. निकोटीन तोंडातल्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. दणकट चव ही एक गोष्ट, निकोटीनचा दणका ही दुसरी. काही सिगारी पहिलं देतात आणि दुसरं देत नाहीत. माझीनं हातचं काही राखलं नाही. कपाळाला घाम फुटला, बोटं गार पडली, आणि गच्चीचा कठडा सावकाश डावीकडे कलायला लागला.

"आली ना चक्कर?" त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक गोड गोळी काढली. "चघळा. साखरेनं उतरते. मी जवळच ठेवतो, बहुतेकांना लागते."

बहुतेकांना! म्हणजे हा माणूस गच्च्या-गच्च्यांवरून फिरतो. माझ्याआधी कोण कोण या खुर्चीसमोर गारद झालंय, कुणास ठाऊक. मी गोळी तोंडात टाकली. कोको, चामडं, अक्रोड, सगळ्यावर तिची कृत्रिम संत्र्याची चव चढून बसली. सिगार बाजूला ठेवली. ती आपली आपण विझली, विझताना शेवटचा धूर शिस्तीत डावीकडून त्यांच्याकडे गेला, आणि त्यांनी तोही सोडला नाही.

"स्वस्तातली असली की असंच होतं," ते उठता उठता म्हणाले. "सुरुवात छान, शेवट कडू. उद्या जरा पट्टेवाली आणा. किती वाजता येता?"

"साडेसहा," मी ठोकून दिलं.

तेव्हापासून मी भर दुपारी जातो. रणरणत्या उन्हात वरचं पान कोरडं पडून तडकतं, झुरका गरम लागतो, आणि सिगार एका बाजूनं भराभर जळत सुटते. काल जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "दुपारचा वारा उलटा असतो हो. संध्याकाळीच या."