काच फुटली नव्हती

फॉरेन्सिक मानसशास्त्रात लघुप्रबंध करतेय म्हटलं की समोरच्याची मान आपोआप पुढे येते. "म्हणजे रोज खुन्यांना भेटतेस?" मी रोज एक्सेलला भेटते. पण कशाला कुणाचा विरस करा, म्हणून गंभीरपणे हुंकार भरते.

खुन्यांचा बेत होता, नाही असं नाही. पहिला प्रस्ताव कैद्यांवरच होता. सायकोपथी, म्हणजे ना अपराधभाव ना सहानुभूती असा स्वभाव, मोजायची मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची प्रसिद्ध यादी आहे: 20 मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 2 गुण, जास्तीत जास्त 40. एथिक्स कमिटीने मोजून तीन प्रश्न विचारले. तुरुंगातला माणूस 'नाही' म्हणायला खरंच मोकळा असतो का? ही यादी वापरायचं प्रशिक्षण तुम्ही घेतलंय का? आणि बोलता बोलता त्याने कुणालाच ठाऊक नसलेला गुन्हा सांगून टाकला, तर तुम्ही काय कराल?

"लिहून घेईन," मी म्हणाले.

यानंतर खोलीत जी शांतता पसरली, ती अजून माझ्या कानात आहे.

मग विषय बदलला: साक्षीदारांची स्मृती. कैदी गेले, विद्यार्थी आले. विद्यार्थी 'नाही' म्हणायला मोकळे असतात, आणि म्हणतातही. या विषयाची गंगोत्री म्हणजे लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांचा 1974चा प्रयोग. लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. गाड्या एकमेकींना 'टेकल्या' तेव्हा वेग किती होता, असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी 32 मैलांच्या आसपास. 'धाडकन आदळल्या' म्हटलं की 41च्या घरात. नुसतं क्रियापद बदललं! पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या'वाल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

हे वाचल्यापासून मला माझ्या गाईड सरांची क्रियापदं ऐकू यायला लागली. "दुसरं प्रकरण सुरू केलंस का?" असं विचारलं की मी खाली मान घालून "थोडंसं" म्हणते. "दुसरं प्रकरण संपत आलं असेल ना?" म्हटलं की "हो सर, शेवटचा हात फिरवतेय." पानं दोन्ही वेळा चारच असतात.

सॅम्पलची कथा वेगळीच. दोन गट, मध्यम परिणाम, 0.05ची पातळी (नसलेला फरक दिसण्याची जोखीम), 80 टक्के पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता) एवढं सॉफ्टवेअरला सांगितलं की ते निर्विकारपणे आकडा फेकतं: प्रत्येक गटात 64. एकूण 128 माणसं! माझ्या ओळखीची, भांडण झालेली धरूनही, 31 भरली. बाकीची मी कॉरिडॉरमध्ये अडवून अडवून गोळा केली. प्रत्येकाला कन्सेंट फॉर्म वाचून दाखवायचा: 'आपण कोणतंही कारण न देता, कोणत्याही क्षणी या संशोधनातून माघार घेऊ शकता.' हे वाक्य वाचताना दर वेळी माझा गळा दाटून यायचा. संशोधकासाठी असा फॉर्म नसतो. एक पठ्ठ्या तर फक्त शेवटचा प्रश्न राहिलेला असताना उठला. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे. "कारण न देता," तो म्हणाला आणि गेला.

गेल्या आठवड्यात मात्र कहर झाला. सरांनी विचारलं, "दुसरं प्रकरण कधी देतेस?" मी चाट पडले. "सर, दिलं की! तुम्ही चांगलं जमलंय म्हणालात." ते मला लख्ख आठवत होतं. घरी फोन करून आईलासुद्धा सांगितलं होतं.

"मी? कधी?"

माझ्यातला साक्षीदार पेटून उठला. "मागच्या महिन्यात, सर. मंगळवार होता. तुम्ही खिडकीशी उभे होतात. चष्मा काढलात, काचा पुसल्यात आणि म्हणालात, चांगलं जमलंय."

सर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा चष्मा सुटल्याला दीड वर्ष झालंय. प्रकरणाची मेल मला रात्री सापडली. ड्राफ्ट्समध्ये होती, अटॅचमेंटशिवाय.