‘कव्हर’ म्हणजे सगळे पैसे मिळणार असं नाही

“मेडिक्लेम आहे ना, मग सगळं कव्हर होतं.” डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरसमोर हे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा रडकुंडीला आलेला असतो. नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या क्लेमचे कागद लावून द्यायला मी जाते, त्यामुळे हे वारंवार बघावं लागतं. म्हणून कळकळीने सांगतेय: पैशाच्या कागदावरची इंग्रजी क्रियापदं समजल्याशिवाय सही करू नका. आपण पाच लाख, दहा लाख हे आकडे बघतो. ते पैसे आधी कोण भरणार आणि उरलेले कुणाच्या खिशातून जाणार, हे त्या आकड्याशेजारच्या क्रियापदात असतं.

‘कव्हर’चंच घ्या. हा खर्च पॉलिसीत बसतो, एवढंच तो शब्द सांगतो. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याला एक टक्क्याची मर्यादा, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. वरचे तीन हजार पदरचे घालू, असा आपला हिशेब असतो. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च हेसुद्धा त्याच प्रमाणात कापतात. त्यांचं बिल १,६०,००० असेल तर कंपनी १,००,००० देते आणि ६०,००० तुम्ही भरता. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही, पण साठ हजार म्हणजे कित्येक घरांचे दोन-तीन महिन्यांचे पगार झाले. खोली निवडताना हे कुणी सांगतं का? क्वचितच.

‘रिइम्बर्स’ म्हणजे आधी तुम्ही भरा, मग कंपनी परत देईल. मूळ बिलं, पावत्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, सगळं जमवून पाठवायचं आणि वाट बघायची. ज्याच्या हाताशी लाखभर रुपये नाहीत, त्याला तोवर सोनं गहाण ठेवावं लागतं. कागदोपत्री रक्कम तीच, पण कॅशलेस (कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते) आणि रिइम्बर्समेंट यांत गरीब घराला जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

‘इंडेम्निफाय’ म्हणजे जेवढी झळ बसली तेवढीच भरून देणं. पाच-पाच लाखांच्या दोन पॉलिसी असल्या आणि बिल तीन लाखांचं झालं, तर दोन्ही मिळून तीनच लाख मिळतात. गंभीर आजाराची बेनिफिट पॉलिसी वेगळी. अटीत बसणारं निदान झालं की ठरलेली रक्कम एकदम मिळते, बिल कितीही असो.

आणि को-पे! ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो सर्रास असतो. वीस टक्के को-पे म्हणजे मंजूर झालेल्या प्रत्येक शंभरातले वीस आई-बाबांचे, दर क्लेमला. हप्ता कमी दिसला की आधी हे तपासा.

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांना विद्यापीठाकडून येणाऱ्या पत्रांचंही असंच आहे. विद्यापीठ ट्यूशन ‘वेव्ह’ करतं तेव्हा फी माफ होते, पण खोलीभाड्याला, जेवणाला हातात एक पैसा येत नाही. प्रवासखर्च ‘डिफ्रे’ करायला, म्हणजे भागवायला, ‘हेल्प’ करू, असं लिहिलं असेल तर तो फक्त हातभार आहे. पूर्ण तिकीट मिळेल असं धरून चालू नका, रक्कम किती ते ईमेलवर विचारून घ्या. आपण घरात ‘खर्च उचलतो’ आणि ‘हातभार लावतो’ यांत कधी गल्लत करत नाही. मग इंग्रजी पत्र हातात आलं की का करावी?

हे सगळं मराठीत मिळालं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं, आणि काही अंशी ते मिळतंही. १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य विमा पॉलिसीसोबत ठरावीक नमुन्यातलं ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’ देणं विमा नियामकाने बंधनकारक केलंय. मर्यादा, को-पे, वेटिंग पीरियड (क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) सगळं त्यात असतं, आणि ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यावं लागतं. पण मागतंय कोण? एजंटला स्पष्ट सांगा, “मला हे मराठीत हवंय.” टाळाटाळ झाली तर कंपनीला लेखी मेल टाका.

नवी पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस फ्री-लूकचे असतात. तेवढ्यात हे पत्रक वाचा, खोलीभाडं आणि को-पे या दोन ओळींखाली पेनाने रेघ मारा, आणि पटलं नाही तर पॉलिसी परत करा. थोडी कपात होते, बाकी हप्ता परत मिळतो.