माझे विरजण, आजींची धिरडी

काल संध्याकाळी शेजारच्या आजींनी माझा पाव उलटा केला, बोटाच्या पेराने त्याच्या बुडावर टकटक केली, कान लावला आणि माठ दुकानदाराला परत करावा तशा सुरात म्हणाल्या, "कच्चा हाय रं लेकरा." बारा दिवस खपून केलेल्या सावरडो पावाचे एवढेच परीक्षण झाले. दुःख याचे, की त्यांचे बरोबर होते. नीट भाजलेला पाव बुडावर ठोकला की पोकळ वाजतो, ही खूण मी व्हिडिओ पाहून पाठ केली होती. आजींना ती लातूरच्या गंजगोलाई बाजारातले माठ वाजवून ठाऊक होती.

सावरडोला बाजारचे यीस्ट लागत नाही. पीठ आणि पाणी समभाग कालवून बरणीत ठेवले की पिठातलेच जंतू ते आंबवतात. रोज त्यातले पन्नास ग्रॅम ठेवायचे, त्यात पन्नास ग्रॅम पीठ आणि तितकेच पाणी घालायचे आणि उरलेले टाकून द्यायचे. तिसऱ्या दिवशी मी हे उरलेले टाकत असताना आजी विरजण मागायला आल्या.

"हे काय करायलास?"

"जास्तीचं पीठ टाकतोय, आजी."

"गव्हाचं पीठ फेकून द्यायलास?"

मी शास्त्र समजावू लागलो, हीच चूक झाली. "नाही टाकलं तर सगळ्यालाच खाऊ घालावं लागतं आणि ते रोज तिप्पट होतं. चौथ्या दिवशी चार किलो!"

आजी खुर्चीत बसल्या. "मग बहात्तरच्या दुष्काळात कुठं होतास रं तू?"

"तसं नाही आजी, वाढण्यासाठी पीठ आपणच घालायचं असतं."

"म्हंजे पीठ घालायचं, वाढलं की फेकायचं, आन् परत घालायचं." त्यांनी माझ्या पत्नीकडे पाहिले. पत्नीने खिडकीबाहेर पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता त्यांचा नातू स्टीलची वाटी घेऊन दारात उभा राहू लागला. त्या टाकाऊ पिठात ज्वारीचे पीठ, लसूण, जिरे आणि हिरवी मिरची घालून आजी धिरडी करीत, आणि त्यांचा वास नेमका मी बरणीला खाऊ घालताना भिंतीपलीकडून येई. आठवडाभरात गल्लीत त्या धिरड्यांचे नाव झाले. पीठ कोणाचे, हे कोणी विचारले नाही.

इकडे माझे हाल चालू होते. कृती लिहिणाऱ्याने खोलीचे तापमान २४ अंश धरले होते; लातूरच्या मे महिन्यात तेवढा गारवा फक्त माठात असतो. आठ तासांत फुगायचा गोळा चार तासांत फुगून परातीत पसरला. गिरणीवाल्याने आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी दळून त्यावरच माझे गहू टाकले होते, आणि ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून गोळा ताणला की फाटे. बरणी धुणे हा तर वेगळाच अपराध. ज्या गावाने २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले, त्या गावात घट्ट चिकटलेल्या कणकेवर तांब्यामागून तांब्या ओतताना शेजाऱ्यांची नजर चुकवावी लागते. हे सगळे निस्तरून काल ओव्हन २३० अंशांवर नेला, पाव आत सरकवला, आणि विसाव्या मिनिटाला वीज गेली. ती दीड तासाने आली. विजेचे बिल मात्र कधी दीड तास उशिराने आलेले मला आठवत नाही.

आज सकाळी मी बरणी रिकामी करून घासून पालथी घातली. सातला नातू आला, तेव्हा त्याला सांगितले, "आजीला म्हणावं, पीठ संपलं. आता होणार नाही." तो गेला आणि दहा मिनिटांनी तीच वाटी दोन्ही हातांत धरून परत आला. वाटीत काठापर्यंत फुगलेले पीठ होते, माझ्या बरणीत कधी आले नाहीत एवढे बुडबुडे त्यावर होते.

"आजी रोज त्यातलं थोडं मागं ठेवत होती," तो म्हणाला. "तुमचं मेलं म्हणं. विरजण घ्या, आन् वाटी लगेच मागितलीय."