वाडीत भिडूच नाही

पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वयंपाकातलं तेल दहा टक्के कमी करा असं सांगितलं, मे महिन्यात सीबीएसईने आपल्या शाळांना कशात किती साखर असते ते दाखवणारे साखरेचे तक्ते लावायला लावले, आणि तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर मुलं जाड का होतात यावर जुंपली आहे. ठाण्याचे काका म्हणतात, आम्ही उकड्या तांदळाची पेज पिऊन वाढलो. आत्याचं म्हणणं, हल्लीच्या आयांना रांधायचा कंटाळा. मोबाईलला तर सगळेच शिव्या घालतात, मोबाईलवरूनच.

मी लेस्टरला राहतो. इंग्लंडमध्ये २००५-०६ पासून प्राथमिक शाळेच्या पहिल्या आणि शेवटच्या वर्षी मुलांची उंची-वजनं घेतात. माझ्या मुलीची घेतली आणि घरी पत्र आलं, वजन जास्त आहे. बायको दोन दिवस धुमसत होती. पण त्या मोजणीतून अलीकडे दरवर्षी एक गोष्ट निघते. दहा-अकरा वर्षांच्या दर पाच मुलांमागे एकाहून जास्त लठ्ठ आणि गरीब वस्त्यांत त्यांचं प्रमाण सुखवस्तू वस्त्यांच्या दुपटीहून अधिक. इथे जाडी ही गरिबीची खूण. त्यामुळे वाद आयांच्या आळसापाशी थांबत नाही, वस्तीपर्यंत आणि कंपन्यांपर्यंत जातो. एप्रिल २०१८ मध्ये गोड पेयांवर कर बसला, तर तो चुकवायला बऱ्याच कंपन्यांनी आधीच साखर कमी केली.

देवगडकडच्या आमच्या वाडीत जाडी अजून खात्यापित्या घराची. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा पुतण्या पडवीत लोळून मोबाईल बघत होता, शेजारी पाच रुपयांच्या कुरकुरीत खाऊची दोन रिकामी पाकिटं. वय दहा, शर्टाची बटणं ताणलेली. मी काही बोलणार तोच आई म्हणाली, "पोर गुटगुटीत आसा, दिष्ट लागात." पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण अंगात चरबी तुलनेने जास्त घेऊन जन्मतात. आईला हे सांगून उपयोग नव्हता. तिने भूक बघितली आहे.

"खेळायला जा रे," म्हटलं. त्याच्याऐवजी आईच म्हणाली, "खेळतलो कोणाबरोबर?"

खरंच. आमच्या लहानपणी वाडीत लगोरीला दोन संघ पडायचे. आता अकरा घरांत शाळेत जाणारं हे एकटं पोर, चार घरांना कुलूप. २००१ ते २०११ मध्ये देशाची लोकसंख्या वाढत असताना आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली, रत्नागिरीचीही घटली. आईबाप मुंबईला, पोर आजीकडे. आजीला गुडघ्यामुळे त्याच्यामागे धावता येत नाही आणि नाक्यावरच्या दुकानात पाच रुपयांत त्याला गप्प करणारी पाकिटांची माळच टांगलेली असते. केळं महाग पडतं, आणि पोराला नकोही असतं.

साखरेचे तक्ते लावा, माझी हरकत नाही. पण हे पोर सीबीएसईच्या नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत जातं. आणि त्याचं पोट ज्या रिकाम्या दुपारींनी वाढवलंय, त्यांचा तक्ता कोण लावणार? काकांना हे लिहिलं, तर त्यांनी अंगठा पाठवला. त्यांचंही घर कुलूपबंदच आहे, आमच्या घराला लागून.

लेस्टरहून मी त्याच्यासाठी फुटबॉल नेला होता. मी होतो तितके दिवस चिऱ्याच्या गडग्यावर आपटून आम्ही दोघं खेळलो. परवा व्हिडिओ कॉलवर तो फुटबॉल मागे दिसला, आईने पणतीच्या कोनाड्यात नीट ठेवला होता.